काचेतला वाघ आणि दाखवणारा माणूस

"ऐकलंस का, पलीकडच्या आळीतल्या वहिनींनी नातवाला म्हणे डायनोसॉर शिबिरात घातलाय. फी ऐकलीस तर हातातली कांद्याची माळ खाली पडेल."

काकींच्या बातम्या गडग्यावर कोपर टेकूनच येतात. मे महिन्यात किहीमला दुपारी चारच्या आधी कुणी अंगणात पाऊल टाकत नाही, आणि चारनंतर काकी घरात थांबत नाहीत. इकडे मी पांढऱ्या कांद्याच्या माळा वळत होते, तिकडे काकींची आमसुलं वाळत होती, आणि आमच्या ओटीवर पुण्याहून आलेली नणंदेची दोन्ही पोरं एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून बसली होती.

"शिकवतात तरी काय तिथे?" मी विचारलं.

"प्लास्टिकचा डायनोसॉर हिरवा रंगवायचा. दुसऱ्या दिवशी जांभळा. शेवटी सर्टिफिकेट आणि सगळ्यांचा फोटो. मी त्या पोराला विचारलं, हा खायचा काय रे? तर म्हणतो, ते अजून घेतलं नाही."

काकी शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. पोरांकडे बघून त्यांनी मान हलवली. "यांना मुंबईच्या म्युझियममध्ये ने. मांडव्याहून लाँच पकडायची, गेटवेला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं. टॅक्सीचाही खर्च नाही."

"काकी, मेलेली जनावरं बघायला एवढ्या उन्हात जायचं?"

हे मी बोलले आणि पुढचा तासभर माझ्या माळेत एकही कांदा गेला नाही.

"मेलेली म्हणे! अगं, ते बनवलंय कसं ते तरी बघितलंस का? प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम गं. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात त्याला, पण लाँचवाल्याला जुनं नाव सांगितलंस तरी चालतं. तिथे नाण्यांकडे जाऊ नकोस, तलवारींकडे जाऊ नकोस. पोरं तिथेच दमतात आणि मग आइस्क्रीमचा धोशा लावतात. तडक निसर्गाच्या दालनात शिरायचं. वाघ, गवा, धनेश, रोहित, सगळे आपापल्या जागी दिसतात. कपाटात ओळीने मांडलेले नाहीत. रोहित चिखलात उभे आहेत. मागे पाणी लांबवर जातं. पण ते पाणी चितारलेलं असतं. मागची भिंत सरळ नसते, आतून वळवलेली असते, म्हणजे कोपराच दिसत नाही. पुढे माती, गवत, दगड मांडतात आणि ती माती कुठे संपते नि चित्र कुठे सुरू होतं ते कळू देत नाहीत. पोरांना सांग, सांधा शोधून दाखवा. अर्धा तास हूं नाही की चूं नाही."

"आणि आत भुसा भरतात ना?"

"भुसा गेला जुन्या काळात. आता कातडं काढून कमावतात, आत अंगाच्या मापाचा साचा बसवतात, डोळे काचेचे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्याचं केंद्रच आहे, २००९ साली सुरू झालं. डॉक्टर संतोष गायकवाड म्हणून जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांनी उभं केलं. त्यांना हे शिकावंसं कुठे वाटलं माहीत आहे? याच म्युझियममधले पक्षी बघून. आता सांग, बघायला गेलेला माणूस रिकामा आला की काम घेऊन आला?"

मी गप्प बसले. काकींचा सूर लागला होता, आणि सूर लागला की त्या आवाज खाली आणतात. गावात कुणाचं लग्न मोडलं तरी याच आवाजात सांगतात.

"तुला एक सांगू? त्या दालनात नोकरी केलेला माणूस पुढे आपल्या किहीमला राहायला आला होता."

"कोण हो?"

"सालिम अली. पक्ष्यांचे. १९२६ साली ते दालन नवं उघडलं, तेव्हा त्यांना तिथे गाइड लेक्चरर म्हणून घेतलं. म्हणजे येणाऱ्या माणसांना काचेपुढे उभं करून समजावून सांगायचं. पगार महिना ३५० रुपये. त्या काळातले साडेतीनशे! मग १९२८ ला रजा घेऊन जर्मनीला गेले, बर्लिनच्या संग्रहालयात स्ट्रेसेमान म्हणून मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते, त्यांच्या हाताखाली शिकले. १९३० ला परत येतात तर काय, जागाच रद्द! पैसे नाहीत म्हणे."

"वाघाला पैसे होते, आणि वाघाबद्दल सांगणाऱ्याला नव्हते?"

"हेच तर मी म्हणते!" काकींनी गडग्यावर थाप मारली, वरचा एक दगड हलला. "वाघ खातो का, पितो का, पगारवाढ मागतो का? काचेत एकदा ठेवला की झालं. कात्री लागते ती बोलणाऱ्या माणसाला. तेव्हाही तशीच, आणि आजही कुठे वेगळं आहे? बरं, नोकरी गेली म्हणून ते रडत बसले नाहीत. बायकोच्या घरच्यांचं इथे किहीमला घर होतं, तिथे येऊन राहिले. आणि पावसाळाभर काय केलं, तर सुगरणीची घरटी बघितली."

"विहिरीवर लटकतात ती?"

"तीच. आणि जे बघितलं ते ऐकशील तर आळीभर सांगत सुटशील. घर बांधतो नर. अर्धंच बांधतो आणि पंख फडफडवून बायका बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम तपासते. पसंत नाही पडलं तर निघून जाते. पडलं तर राहते. मग तो उरलेलं पुरं करतो, ती अंडी घालते. आणि ती अंड्यांवर बसली रे बसली, की हा शेजारी दुसरं अर्धं घर बांधायला घेतो. दुसरीसाठी!"

"शी! आणि पहिलीला काही बोलता येत नाही?"

"ती पिल्लांत अडकलेली. मग तिसरीसाठी तिसरं.  सालिम अलींनी दाखवून दिलं की एका नराचे संसार असे एकामागून एक असतात, क्रमाने. हे त्यांनी आपल्या गावात बसून लिहिलं आणि पुढे जगभर वाचलं गेलं. आणि तुझ्या ओटीवरच्या त्या दोघांनी अजून एक घरटं हातात धरलेलं नाही."

पोरांनी मोबाइलवरून मान वर केली होती. थोरली म्हणाली, "आजी, सगळे नर असेच असतात?" काकींनी तिला उत्तर दिलं नाही, पण माझ्याकडे बघून डोळे बारीक केले.

एवढ्यात टोपली घेऊन मावशी आल्या. आमच्या गडग्यावरच्या गप्पांत त्यांचा हक्काचा वाटा आहे. मासळी विकून झाली की त्या बातम्या घेतात, आणि बातम्या झाल्या की मासळीचा भाव उतरवतात. विषय कळल्यावर म्हणाल्या, "म्युझमात देवमासा हाय का? मी तं सोताच्या डोल्यानी बगलाय, रेवदंड्याला."

तो आम्हाला सगळ्यांनाच आठवत होता. जून २०१५. ४२ फुटांचा निळा देवमासा रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागला. गावातली माणसं, वनखात्याची माणसं पाण्यात उतरून त्याला खोल समुद्रात ढकलत होती. काही उपयोग झाला नाही, तो तिथेच मेला.

"कवरा मोठा व्हता गो," मावशी म्हणाल्या. "पन मानसा फोटो कारायला येत व्हती. आमच्या पोरांना कोनी काय सांगला नाय. कुठना आला, काय खातो, कशानी मेला."

काकी क्षणभर काही बोलल्या नाहीत. त्यांची लेक लंडनला असते, आणि गेल्या खेपेला त्या तिकडचं निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय बघून आल्या होत्या. ही बातमी आम्ही आधी बऱ्याच वेळा ऐकली होती, पण देवमाशाचा भाग पहिल्यांदाच ऐकला.

"तिकडेही असाच एक लागला होता. १८९१ साली, आयर्लंडच्या वेक्सफर्डला. त्यांनी त्याची हाडं ठेवली. २५ मीटरच्या वर लांब, म्हणजे आपल्या रेवदंड्याच्या जवळजवळ दुप्पट. २०१७ च्या उन्हाळ्यात मोठ्या दालनात छताला टांगला, जसा सूर मारतोय. नाव ठेवलं होप. त्याआधी तिथे डायनोसॉर उभा होता, डिप्पी म्हणायचे. १९०५ पासून लंडनमध्ये. पण खरा नव्हता हं, प्लास्टरचा साचा! त्यालाही नंतर गावोगाव फिरवून आणलं. सुट्टीत पोरांची ही रांग. तिकीट नाही, फुकट. आणि त्या हाडांखाली एक मुलगी उभी होती, कॉलेजची असेल. हातात देवमाशाच्या तोंडातल्या झालरीचा तुकडा. पोरांच्या हातात द्यायची आणि विचारायची, याने हा चावत असेल का? पोरं म्हणायची, हो! मग ती सांगायची, चावत नाही, गाळतो. एवढा थोरला जीव, आणि खातो कोलंबीएवढे बारके जीव, टनावारी."

"कोलीम!" मावशी म्हणाल्या. "आमचा कोलीम खातो म्हनजे. म्हनून आला असेल इकरं."

"बघ," काकी मला म्हणाल्या, "हिला म्युझियमवाल्यांनी नोकरीला ठेवायला हवं."

मावशींनी तिथल्या तिथे पगार विचारून घेतला. साडेतीनशे ऐकून त्यांनी टोपली उचलली.

त्या गेल्यावर काकींनी खरा माल बाहेर काढला. "तुला वाटतं ना, हा सगळा साहेबांचा कारभार? १८८३ च्या सप्टेंबरात आठ जणांनी मिळून मुंबईत निसर्ग-इतिहासाची सोसायटी काढली. बीएनएचएस. त्या आठांत दोघं आपली माणसं. एक डॉक्टर आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजवाले. दुसरे डॉक्टर सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन कोण, सांग."

"कोण?"

"रखमाबाईंचे सावत्र वडील! ज्या रखमाबाईंनी न्यायाधीशाला सांगितलं की तुरुंगात जाईन पण नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, त्या. त्यांच्या आईने विधवा झाल्यावर या डॉक्टरांशी लग्न केलं होतं. त्यांना वनस्पतींचा नाद, औषधी झाडांवर पुस्तक लिहिलं होतं. आणि सोसायटीतला फिप्सन साहेब, तो दारूचा व्यापारी. सोसायटीचं बिऱ्हाड त्याच्याच दुकानाच्या जागेत. पुढे त्याने लग्न कुणाशी केलं, तर एडिथ पीची बाईंशी, कामा हॉस्पिटलच्या डॉक्टरीण. आणि याच बाई रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या, विलायतेला डॉक्टरकी शिकायला पाठवायला मदत केली. आता मला सांग, फुलपाखरं गोळा करणाऱ्यांच्या मंडळात एवढं नाट्य असेल असं वाटलं होतं तुला?"

खरं सांगायचं तर वाटलं नव्हतं. टीव्हीवरच्या मालिकांना एवढी नाती जुळवायला पाचशे भाग लागतात.

"आणि फिप्सनच्या खुर्चीमागे कोण बसायचं? विल्यम."

"त्याचा भाऊ?"

"धनेश! कारवारहून तीन महिन्यांचं पिल्लू आणून दिलं होतं कुणी, १८९४ ला. तिथेच वाढला. केळी खायचा, उंबरं खायचा, जिवंत उंदीर आणि विंचूसुद्धा मटकवायचा. पाणी म्हणून प्यायचा नाही, आंघोळ नाही. आणि टेनिसचा चेंडू तीस फुटांवरून फेकला तर चोचीत झेलायचा. १९२० पर्यंत होता. फिप्सन साहेब देश सोडून गेला तरी विल्यम ऑफिसात. म्हणून त्या सोसायटीच्या शिक्क्यावर धनेश आहे, इमारतीचं नाव हॉर्नबिल हाऊस आहे. लायन गेटच्या समोर, म्युझियमपासून हाकेच्या अंतरावर."

धाकट्याने मोबाइल उपडा ठेवला. "खरंच चेंडू झेलायचा?"

"खरंच. आणि १९०८ साली तुझ्याएवढा एक मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन त्या ऑफिसात गेला. त्याने छर्‍याच्या बंदुकीने मारली होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असली चिमणी त्याने बघितली नव्हती. मामाने चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथे मिलार्ड म्हणून सेक्रेटरी साहेब. दुसरा कुणी असता तर शिपायाला सांगून हाकलला असता. मिलार्डने चिमणी ओळखून दिली, नाव सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा साठा उघडून दाखवला. त्या मुलाचं नाव सालिम."

"मघाचे तेच?"

"तेच. विल्यम तेव्हा चौदा वर्षांचा असेल, तिथेच कुठेतरी बसला असणार."

आता मात्र मला राहवलं नाही. "काकी, तेव्हा मिलार्ड होता. आता कोण आहे? आपण गेलो तर तिकीट काढायचं, काच बघायची, पाटी वाचायची आणि परत यायचं. पाटीवर लॅटिन नाव आणि कुठे सापडतो ते. एवढं तर मोबाइलवरही मिळतं."

"म्हणून तर नुसतं जायचं नाही. सुट्टीत कार्यक्रम असतात, ते विचारून जायचं. म्युझियमच्या आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. तिथलं पहिलं प्रदर्शन मुलांनीच ठरवून मांडलं होतं. तिथे वस्तू हातात मिळतात, कार्यशाळा होतात. गोरेगावला फिल्मसिटीपाशी बीएनएचएसचं केंद्र आहे, तिथे जंगलातल्या वाटेने फिरवतात, कोळी, मुंग्या, फुलपाखरं दाखवतात. तिथे जायचं तर सकाळी लवकर, ऊन चढलं की पाखरंही झोपतात. आणि जमत नसेल मुंबईला जायला, तर म्युझियमची बससुद्धा आहे, २०१५ पासून. चाकांवरचं म्युझियम. गावोगावच्या शाळांत जाते. आपल्या शाळेच्या हेडमास्तरांना मी कधीची सांगतेय पत्र लिहा म्हणून. त्यांना क्रिकेटच्या सामन्यांतून सवड मिळेल तेव्हा."

"सगळीकडे चांगलंच असेल असं कुठे आहे?"

"नाहीच. गेल्या खेपेला एका ठिकाणच्या सुट्टीतल्या शिबिरात मी भाचीच्या पोरीला घेऊन गेले होते. नाव नाही घेत. पोरीने विचारलं, घुबडाची मान एवढी कशी वळते? तर तिथली बाई म्हणाली, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी फोटो घेतला. प्रश्न राहिला. आता तुला म्हणून सांगते, शिबिर चांगलं की वाईट हे ओळखायची एकच खूण. पोराने प्रश्न विचारला की समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो की पडतो, एवढं बघायचं. खुलला तर पोराला तिथे सोडून खुशाल चहा प्यायला जा. पडला तर पोराचा हात धरून बाहेर ये, फी गेली तरी चालेल."

"आणि घुबडाची मान?"

"मानेत मणके चौदा. आपल्या दुप्पट. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान फिरवावी लागते. हे मी घरी येऊन शोधलं. त्या बाईनेही शोधायला हवं होतं."

काकींनी आमसुलं उलटवायला घेतली, पण तोंड थांबलं नाही. "आणि पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नकोस. दिल्लीला राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय होतं, १९७८ सालचं. २६ एप्रिल २०१६ ला रात्री आग लागली आणि सगळं गेलं. ऐन सुट्टीच्या तोंडावर. किती लोकांनी म्हटलं असेल, जाऊ कधीतरी. वस्तू जळते, सूनबाई. ती बघताना ज्याला कुणी नीट सांगितलं, त्याच्यापाशी उरते तेवढीच."

मी म्हटलं, "पण तिथे सांगायला कुणी भेटलंच नाही तर?"

"तर तू सांग! तुला रोहित माहीत नाही? हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात येतात हजारोंनी. सुगरण माहीत नाही? कोलीम माहीत नाही? काचेपुढे उभं राहून पोरांना सांगायचं, हा आपल्या इकडे दिसतो, हा दिसत नाही, हा आधी दिसायचा. पाटी नंतर वाचा. आणि उत्तर नाही आलं तर तिथल्या माणसाला गाठायचं. लाजायचं नाही. सालिमच्या हातात तर मेलेली चिमणी होती, तो लाजला नाही."

थोरलीने आतून वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘विचारायचे प्रश्न’. खाली एक: सुगरण दुसरं लग्न करतो तेव्हा पहिलीच्या पिल्लांना कोण खाऊ घालतं? काकींनी वाचलं आणि म्हणाल्या, "हा प्रश्न विचारल्याशिवाय परत यायचं नाही."

तर शेजारणींनो, ज्यांच्या घरी सुट्टीला पोरं आली आहेत त्यांनी ऐका. पाऊस लागला की मांडव्याची लाँच बंद होते आणि भाऊच्या धक्क्याचा फेरा घ्यावा लागतो, तेव्हा जायचं तर मे महिन्यातच जा. शिबिराला घालायचं असेल तर आधी फोन करा. आणि फी किती, सर्टिफिकेट मिळतं का, जेवण देतात का, हे सगळं विचारायच्या आधी एक विचारा: पोरांना दाखवायला आणि त्यांचं ऐकायला माणूस कोण आहे? उत्तर मिळालं नाही, तर फोन ठेवा आणि पोरांना घेऊन स्वतः जा.